मुलांचे पत्ते आणि आपली गंजिफा

पत्ते म्हटले कीं आपल्या घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते. ज्या घरांत पाठांतर, परीक्षा आणि पुस्तकें यांचा मान मोठा, तेथें पत्ते कुटणारा मुलगा वायां गेला असें समजण्याची चाल जुनी आहे. आणि त्या पत्त्यांवर बदाम-किलवरांच्या ऐवजीं व्हिडिओ गेममधील चित्रविचित्र प्राणी असले, तर मग बोलावयासच नको. आम्हीही याच मताचे होतों. गेल्या मे महिन्यांत तें मत आम्हांस बदलावें लागलें. तें कसें बदललें हें सांगितल्यास इतर घरांसही त्याचा कांहीं उपयोग होईल, असें वाटल्यावरून हा मजकूर लिहीत आहों.

आमचें घर रत्नागिरीस. आमचे चिरंजीव यंदा आठवींत गेले. पण जातांना वार्षिक परीक्षेंत गणितानें त्यांस चांगलाच दगा दिला. त्याच सुमारास त्यांच्या टेबलाखालीं बिस्किटांचा एक जुना डबा आमच्या हातीं लागला. उघडून पाहतों तों आंत पुठ्ठ्याचे नेमके कापलेले तुकडे, प्रत्येकावर रंगीत पेन्सिलींनीं काढलेला एकेक प्राणी, त्याखालीं आंकडे, आणि सोबत हिशेबांनीं भरलेली एक वही. चौकशी करितां कळलें कीं, ‘पोकेमॉन’ नांवाच्या व्हिडिओ गेमच्या मालिकेवरून त्यांनीं स्वतःच रचलेला हा पत्त्यांचा संच होय. बाजारांतील पत्ते महाग, आणि पाकिटांत कोणते पत्ते निघतील तें पाकीट फोडीपर्यंत कळत नाहीं; तेव्हां आपले पत्ते आपणच करावे, असा त्यांचा बेत. आम्हीं तो डबा उचलून कपाटावर ठेविला, आणि गणित सुधारेपर्यंत तो खालीं यावयाचा नाहीं, अशी आज्ञा केली.

मुलगा उलट बोलला नाहीं. पण त्यानें त्या दिवसापासून पेन्सिलच हातीं धरिली नाहीं. आठ दिवस तो पडवींत नुसता बसून राही. गणिताचें पुस्तक समोर उघडें असे. पान मात्र उलटत नसे. शेवटीं आमच्या मातुःश्रींनीं आम्हांस विचारिलें, “तुझे आजोबा वाडीस कोर्टांतून आले कीं गंजिफा घेऊन बसत. त्यांचें गणित कोठें बिघडलें?” या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. मातुःश्रींचें माहेर सावंतवाडीचें. डबा कपाटावरून खालीं आला.

गंजिफा म्हणजे काय, हें आमच्या पिढीच्याही पुष्कळांस ठाऊक नसेल. म्हणून थोडें सविस्तर सांगतों. हा वाटोळ्या पानांचा खेळ इराणाकडून आपल्या देशांत आला. बाबरानें १५२७ सालीं सिंध प्रांतीं शाह हसन यास गंजिफेचीं पानें धाडल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रांत आहे, आणि अकबराच्या दरबारांतील खेळाचें वर्णन अबुल फजलानें करून ठेविलें आहे. पुढें रूढ झालेल्या मोगली गंजिफेंत ८ रंग व ९६ पानें असत. तलवार, मुकुट, नाणीं, नोकर अशा दरबारी थाटाच्या खुणा त्यांवर असत.

हा खेळ आपल्याकडे आला तेव्हां आपल्या लोकांनीं खेळाचा सांगाडा ठेविला आणि त्यांत आपल्या आवडीच्या कथा भरल्या. आठांचे दहा रंग झाले, आणि त्या दहांस मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचीं नांवें मिळालीं. मत्स्याच्या रंगांत मासे, कूर्माच्या रंगांत कांसवें, परशुरामाच्या रंगांत परशु. प्रत्येक रंगांत एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा, मिळून १२ पानें. सर्व संच १२० पानांचा. तिघे खेळावयास बसले कीं प्रत्येकास ४० पानें येतात. दिवसा खेळ असेल तर ज्याच्याकडे राम त्यानें उतारी करावयाची. रात्रीं असेल तर ज्याच्याकडे कृष्ण त्यानें.

सावंतवाडीच्या चितारी लोकांनीं ही कला पिढ्यान्‌पिढ्या राखिली. चिंचोक्यांची खळ लावून थर चढवावयाचे, वर खडूचा लेप देऊन तो दगडानें घोटावयाचा, मग बारीक कुंचल्यानें चित्र रेखावयाचें आणि लाखेनें तें पक्कें करावयाचें, अशी ही मेहनत. छापील पत्ते स्वस्त झाल्यावर ती जवळजवळ बुडाली होती. १९७० च्या सुमारास सावंतवाडीचे श्रीमंत शिवरामराजे भोंसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनीं पुंडलीक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती पुन्हां शिकून घेतली व राजवाड्यांतच कारागिरांस बसवून चालू केली. म्हणूनच ती आज पाहावयास मिळते. १९८१ सालीं सिंधुदुर्ग जिल्हा निराळा होईपर्यंत सावंतवाडी आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यांत होती. तेव्हां हा वारसा आम्हां रत्नागिरीकरांस परका नव्हे.

आतां मुलाच्या पत्त्यांकडे वळूं. ज्या कंपनीच्या यंत्रांवर पोकेमॉनचा खेळ प्रथम आला, त्या जपानी निन्टेन्डोचा आरंभ १८८९ सालीं क्योतो शहरांत पत्ते करण्याच्या दुकानानें झाला, हें वाचून आम्हांस मोठें नवल वाटलें. फुसाजिरो यामाउची हे तिचे संस्थापक. ते करीत त्या पत्त्यांस हानाफुदा म्हणतात. त्यांत वर्षाच्या १२ महिन्यांचीं फुलें-झाडें, प्रत्येकीं ४ याप्रमाणें ४८ पानांवर काढिलेलीं असतात. म्हणजे जपान्यांनींही पत्त्यांत आपले ऋतु घातले, जसे आपण अवतार घातले. पोकेमॉनचा पहिला खेळ १९९६ च्या फेब्रुवारींत निघाला आणि त्याच वर्षीं त्याचे पत्तेही निघाले. खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांस लहानपणीं किडे गोळा करण्याचा नाद होता. त्या नादांतूनच १५१ प्राण्यांचा हा पहिला खेळ उभा राहिला. किडे धरणाऱ्या त्या पोरासही कोणीतरी वडिलांनीं “अभ्यास कर” म्हणून दटाविलें असेल, असा विचार आमच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

डबा खालीं आल्यावर आजी-नातवाची बैठक पडवींतच बसली. संच ५४ पानांचा होता. अग्नि, जल, तृण, विद्युत्, पाषाण व वायु अशा सहा जाति आणि प्रत्येक जातीचीं ९ पानें. ही संख्या त्यानें उगाच धरिली नव्हती. बाजारी पत्ता ६३ मिलिमीटर रुंद व ८८ मिलिमीटर उंच असतो. नेहमींच्या ए-फोर कागदावर असे ९ पत्ते बरोबर बसतात, म्हणून सहा कागदांत संच पुरा. हा हिशेब ऐकून गणिताच्या गुणांविषयींची आमची खात्री थोडी डळमळली.

खेळ मात्र लंगडा होता. प्रत्येक पानावर बळाचा आंकडा. दोघांनीं एकेक पान टाकावयाचें. मोठ्या आंकड्याचा हात. नातू म्हणाला, “आजी, हा सगळ्यांत मोठा. हा आला कीं जिंकलें.” त्यावर मातुःश्री म्हणाल्या, “मग बाकीचे कशाला रे काढलेस?”

हा प्रश्न त्यास लागला. त्याच्या वहींतील हिशेबही तेंच सांगत होते: ज्याच्या हातीं मोठीं पानें पडलीं तो खेळ सुरू होण्यापूर्वींच जिंकलेला, आणि दुसऱ्यास बुद्धि चालविण्यास जागाच नाहीं. मग मातुःश्रींनीं गंजिफेंतील एक युक्ति सांगितली. दहांपैकीं पांच रंगांत राजा-प्रधानांच्या खालीं दश्शा सर्वांत वरचढ व एक्का सर्वांत हलका. उरलेल्या पांचांत हें उलट, एक्का वरचढ व दश्शा हलका. त्यामुळें हातांत नुसते मोठे आंकडे येऊन भागत नाहीं; कोणतें पान कोणत्या रंगाचें, हें ध्यानांत ठेवावें लागतें. वामनाची कथा ज्यांस ठाऊक आहे, त्यांस लहानानें मोठ्यावर मात करण्याचें आश्चर्य वाटणार नाहीं.

मुलानें ही युक्ति उचलली, आणि तींत स्वतःची भर घातली. सहांपैकीं तीन जातींत मोठा आंकडा श्रेष्ठ आणि तीन जातींत लहान; शिवाय दिवे लागल्यावर खेळ असेल तर हा क्रम सर्वत्र उलटावयाचा. रामाची व कृष्णाची उतारी ऐकून त्यास हें सुचलें. मूळ खेळांत पाणी अग्नीस जिंकतें, अग्नि तृणास आणि तृण पाण्यास. तो नियमही त्यानें ठेविला. पहिल्या दिवशीं नियम इतके झाले कीं आजींस ते आठवेनात. तेव्हां त्यानें दोन नियम स्वतःच खोडले. पाषाण जातींत एक जागा त्यानें मूळ खेळांत नसलेल्या प्राण्यास दिली. ती आमच्या खाडींतली कुर्ली, उगारलेल्या नांगीसकट.

या खटपटींतून आम्हांस जें दिसलें तें असें. पत्त्यांचा संच रचणें हें चित्रें काढण्याचें काम वाटतें. वस्तुतः तें एका जगाची वांटणी करण्याचें काम आहे. कोण कोणाच्या गोत्रांतला, कोणाचें बळ किती, कोण कोणापुढें हटेल, हें ठरविल्यावांचून एकही पान पुरें होत नाहीं. दशावतारी गंजिफा रचणारानें हेंच केलें, आणि आमच्या मुलानें बिस्किटांच्या डब्यांत तेंच चालविलें होतें. ज्या कथेवर आपलें प्रेम आहे ती पत्त्यांत उतरविण्याचा हा छंद परदेशी नव्हे. आपल्या कोंकणांत तो फार पूर्वींपासून आहे. आम्हांस चित्रें तेवढीं दिसलीं, आणि तीं परकीं वाटलीं.

ज्या घरांत असा डबा सांपडेल, तेथील वडिलांस चार व्यवहाराच्या गोष्टी सुचवितों. पहिली, चित्रें शेवटीं काढूं द्यावीं. आधीं कोऱ्या पुठ्ठ्यांवर पेन्सिलीनें आंकडे लिहून खेळ दहा-वीस वेळां खेळून पाहावा, म्हणजे सुंदर चित्र फाडण्याची पाळी येत नाहीं. दुसरी, नियम एका पानावर मावतील इतकेच असावे. तिसरी, मूळ प्राणी हे दुसऱ्याच्या कल्पनेचें धन आहे. घरांत व मित्रांत खेळण्यासाठीं ते काढावे, पण त्यांचे पत्ते विकूं नयेत, आणि खरे म्हणून कोणाच्या गळ्यांत तर मुळींच घालूं नयेत. चौथी, बंद पाकिटें फोडून दुर्मिळ पत्ता निघण्याची वाट पाहणें यांत जुगाराची चटक आहे. तिला आवर घालावा. पण विकत घेण्यास मनाई करितां करितां रचण्यासही मनाई होऊं नये. आम्हीं नेमकी हीच चूक केली होती.

गणिताचें काय झालें, असें वाचक विचारतील. तें एका महिन्यांत सुधारलें असें लिहिणें खोटें होईल. पहिल्या चाचणींत गुण थोडेच वाढले. पण मुलगा हल्लीं पुस्तक उघडून नुसता बसत नाहीं, आणि अडलेलें उदाहरण आमच्याकडे घेऊन येतो. मध्यंतरीं तो येईनासा झाला होता. दिवाळीच्या सुटींत त्यास सावंतवाडीस नेऊन चितारी कुंचला कसा धरितात तें दाखवावयाचें ठरलें आहे. मातुःश्रीही बरोबर येणार आहेत. तोंपर्यंत रोज तिन्हीसांजेस, दिवे लागावयाच्या आधीं एक डाव आणि नंतर एक, असा पडवींतला क्रम चालू आहे. तिसरा भिडू म्हणून आम्हांस बसावें लागतें, आणि बहुधा आम्हीच हरतों.