दुखणं हवेला, औषध कार्डाला

प्लाझ्मा कटर अडला की फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये निदान तयारच असतं: ‘कार्ड गेलं!’ लगेच चार स्क्रू निघतात आणि पत्र्याचं झाकण बाजूला होतं. आतलं कार्ड बिचारं निर्दोष असतं, पण चोर सोडून संन्याशाला फाशी. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा पेटीच्या बाहेरच सापडतो. म्हणून आपण उलट्या वाटेने जाऊ, टॉर्चच्या टोकापासून पेटीकडे. वाटेत गमतीही पुष्कळ आहेत.

सूर्याहून गरम टोक

नोझलच्या बारीक भोकातून दाबून बाहेर पडणारा आर्क 20,000 अंश सेल्सिअसच्या घरात असतो. सूर्याचा पृष्ठभाग जेमतेम साडेपाच हजार! हा आर्क ज्या तांब्याच्या इलेक्ट्रोडवरून निघतो, त्याच्या टोकात एक इवलासा वेगळाच धातू बसवलेला असतो. त्याचं नाव हाफ्नियम.

आता गंमत बघा. टंगस्टन 3,422 अंशांना वितळतो, हाफ्नियम 2,233 अंशांनाच. मग जास्त तग धरणारा टंगस्टन का नको? कारण आपण कापतो साध्या हवेवर, आणि हवेतला ऑक्सिजन तापलेल्या टंगस्टनचा फडशा पाडतो. हाफ्नियमवर मात्र ऑक्साइडचा थर धरतो आणि तो 2,700 अंशांच्या पुढेही टिकतो. हा धातू 1923 मध्ये कोपनहेगनला सापडला. आजही तो मुख्यतः अणुभट्ट्यांसाठी झिरकोनियम शुद्ध करताना हाती लागतो. म्हणजे खिडकीचं ग्रिल कापणाऱ्या टॉर्चच्या तोंडात अणुउद्योगाचा जोडधंदा!

प्रत्येक वेळी ट्रिगर दाबला की हाफ्नियम थोडा झिजतो. टोकाला दीडएक मिलिमीटरचा खड्डा पडला की इलेक्ट्रोड बदलायचा. नोझलचं भोक गोल राहिलं नसेल तर तेही सोबत. दोन पैसे वाचवायला जुनं नोझल रेटायचं आणि मग कट तिरका येतो म्हणून मशीनला शिव्या घालायच्या, हा प्रकार सर्रास चालतो.

तिरक्या कटाची आणखी एक खुबी आहे. टॉर्चमध्ये हवा गोल फिरवत सोडलेली असते, बहुतेक टॉर्चमध्ये घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. त्यामुळे टॉर्च ज्या दिशेला चालली आहे तिच्या उजव्या हाताची कड सरळ येते आणि डावीकडची कललेली. कामाचा तुकडा उजवीकडे ठेवा, भंगार डावीकडे. मशीन उघडायची गरजच नाही.

आणि मशीन ढिम्म हललंच नाही तर? आधी टॉर्चचा कप आवळून बघा. त्याच्या आत अनेकदा सेफ्टी स्विच असतो. कप ढिला असेल तर मशीन मुद्दामच सुरू होत नाही.

हवेचं खोटं बोलणं

‘प्रेशर फुल आहे साहेब, काटा सहावर आहे.’ आहे ना, पण हवा वाहत नसताना! बिल्डिंगमधले बाकीचे सगळे नळ बंद असताना टाकीचं पाणी जोरातच येणार; सकाळी सातला काय होतं ते बोला. काटा बघायचा तो हवा सुटलेली असताना. दाब घसरला की आतला प्रेशर स्विच मशीनला थांबवतो, आणि दोष जातो कार्डाच्या माथी.

हवेतलं पाणी तर त्याहून वाईट. आर्क थुंकल्यासारखा फडफडतो आणि इलेक्ट्रोड-नोझल भराभर उडतात. जुलैत चिपळूण-रत्नागिरीकडे कंप्रेसरच्या टाकीखालचा ड्रेन कॉक उघडून बघा, पाणी वाहायला लागेल. कॉक रोज सकाळी उघडायचा आणि फिल्टर बदलायचा. याला इंजिनिअर लागत नाही.

कट संपल्यावरही काही सेकंद हवा सुसू करत राहते. ती गळती नव्हे, टॉर्च गार करण्याची सोय आहे. वीज वाचवायला लगेच मेन स्विच बंद करणारे महाभाग टॉर्च जाळून घेतात.

ज्याला ‘अर्थ’ म्हणतो तो पॉझिटिव्ह

जॉबला लावतो त्या चिमट्याला सगळे अर्थ म्हणतात. प्रत्यक्षात प्लाझ्मामध्ये तो पॉझिटिव्ह असतो आणि टॉर्चचा इलेक्ट्रोड निगेटिव्ह. टॉर्चच्या तोंडाशी छोटी ज्योत दिसते पण पत्र्यावर उतरत नाही, अशी तक्रार आली की पहिला संशय या चिमट्यावर घ्या. तो गंजावर नाहीतर रंगावर बसलेला असतो. ग्राइंडर फिरवा, चकचकीत धातूवर लावा.

आता उघडा पेटी

सिंगल फेजच्या 230 व्होल्टचं आत सुमारे 325 व्होल्ट डीसी होतं, थ्री फेजच्या 415 चं 585 च्या आसपास. मग आयजीबीटी नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. 50 हर्ट्झऐवजी ही झपाट्याची वारंवारता मिळाल्यामुळेच ट्रान्सफॉर्मर इतका लहान झाला, की पूर्वी चाकांवर ढकलावी लागणारी ताकद आज एका हाताने उचलता येते. या आयजीबीटीचे जनक बी. जयंत बालिगा मद्रास आयआयटीत शिकले आणि 1980 च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्यांनी हे घडवलं. त्याबद्दल त्यांना 2024 मध्ये फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला.

उडालेला आयजीबीटी ओळखणं सोपं आहे. मीटर डायोडवर ठेवून कलेक्टर-एमिटर तपासा. एकीकडून डायोड दाखवला, दुसरीकडून काहीच नाही, तर बहुधा ठीक. दोन्हीकडून बीप आला तर गेला. पण फक्त तोच बदलून सप्लाय दिलात तर नवाही फट्कन जाईल. गेटचे रेझिस्टर आणि ड्रायव्हर तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. सिंगल फेज मशीनला पहिला सप्लाय जुन्या सिरीज बल्बमधूनच द्या. बल्ब चमकून मंदावला तर कपॅसिटर चार्ज झाले. लख्ख पेटलेलाच राहिला तर शॉर्ट अजून आत आहे. चाळीस रुपयांच्या बल्बने हजारोंचा माल वाचतो.

काही मशीन आर्क पेटवायला हजारो व्होल्टची ठिणगी टाकतात. तिच्यामुळे शेजारचा सीएनसीचा कॉम्प्युटर हँग झाला तर नवल नाही. 1912 मध्ये टायटॅनिकने मदतीची हाक ठिणगीच्याच ट्रान्समीटरवरून दिली होती. तुमचं मशीनही दर ट्रिगरला छोटं रेडिओ स्टेशन होतं! सीएनसीवर कापायचं असेल तर ठिणगीऐवजी इलेक्ट्रोड-नोझल टेकवून सुरू होणारी टॉर्च घ्यावी, हे माझं स्पष्ट मत.

पिवळा दिवा लागून मशीन थांबलं तर ते तापलं आहे. 60 टक्के ड्यूटी सायकल म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, आणि तोही हिशेब 40 अंश हवा धरून. मे महिन्यातल्या चंद्रपुरात त्यातून वजाबाकीच करायची. अशा वेळी स्विच बंद करू नका, पंखा फिरू द्या.

आणि एक सक्त सूचना. स्विच बंद केला, प्लग काढला, तरी आतल्या कपॅसिटरमध्ये तो 325 किंवा 585 व्होल्टचा साठा शिल्लक असू शकतो. मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा, नंतर मीटर लावून शून्य झाल्याची खात्री करा आणि मगच हात घाला. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून कपॅसिटर उतरवणाऱ्या मिस्त्रीला पुन्हा बोलावू नका.