विलंब कोणाचा?

मागितलेले मिळाले नाही, की माणूस दोहोंपैकी एक बोलतो. एक तर ‘देव नाही’, नाही तर ‘त्याची वेळ आली की देईल, आपण स्वस्थ बसावे’. कामगारांत वावरताना ही दोन्ही बोलणी आम्ही गिरणीच्या दारात ऐकली, तशीच आजाऱ्याच्या उशाशीही ऐकली. वाट पाहणे म्हणजे काय, याचा विचार मात्र दोहोंतही राहून जातो.

आपल्या उत्रोलीकडचा भातशेतकरी पाहा. भर उन्हाळ्यात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, तो राब भाजून ठेवतो. पाऊस त्याच्या हाती नाही, हे तो जाणतो. पाऊस लांबेल म्हणून तो राब सोडीत नाही आणि राब भाजला म्हणून पावसावर हक्कही सांगत नाही. आपले काम वेळेवर करावे, बाकीची वेळ देवाची, एवढी त्याची श्रद्धा. पुंडलिकाच्या कथेत तर देवच विटेवर उभा राहून वाट पाहतो, कारण भक्त आईबापांच्या सेवेत गुंतला आहे. हातातले कर्तव्य टाकून धावत यावे, असे त्या देवाचे मागणे नाही.

परंतु प्रत्येक विलंब देवाच्या खात्यावर मांडू नये. खेड तालुक्यातील कन्हेरसरचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुटी मागितली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांनी सांगितले. सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजी. मधली सहा वर्षे अडवणूक खंडोबाची नव्हती, मालकांची होती. म्हणून लोखंड्यांनी अर्ज केले, सह्या जमविल्या, सभा भरविल्या. उत्रोलीच्या लोकांनी औद्योगिक वसाहतीची बोलणी वर्षानुवर्षे ऐकली. तो हिशेबही देवाला विचारण्याचा नव्हे. ज्या उत्तराची तारीख माणसाच्या हाती आहे, ती माणसाकडेच मागितली पाहिजे.

मग उरते ते खरे अवघड. औषधपाणी झाले, धावपळ झाली, आता करण्यासारखे काही नाही. वह्या इंद्रायणीत बुडविल्यावर तुकोबा तेरा दिवस काठी निराहार बसले, असे परंपरा सांगते. आपल्याला तेराचा आकडा ठाऊक आहे. बसलेल्या तुकोबांना तो ठाऊक नव्हता. दहाव्या दिवशीही नदी मुकीच होती. आणि हेही विसरू नये की याच तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा दुष्काळात गेले होते. वह्या वर आल्या, पण ती माणसे परत आली नाहीत. तरी त्यांनी विठ्ठलाला सोडले नाही. त्याच्याशी भांडले, पण त्याच्याच दारात भांडले.

म्हणून ज्याचे मूल गेले त्याला ‘देवाची वेळ’ समजावून सांगू नये. तो विश्वास ज्याने त्याने स्वतःपुरता धरावा. दुसऱ्याच्या घरी जाऊन मुकाट्याने बसावे, चूल पेटली नसेल तर भाकरी न्यावी. त्या घरच्या प्रार्थनेला आपल्या हातून देता येण्यासारखे उत्तर एवढेच असते, आणि त्याला उशीर होता कामा नये.