आरोग्याच्या नोंदी, भाग ७ : नात्याला तारीख हवी

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपल्याकडची रीत. सासरच्या गावात आशाताईने नोंद केलेली असते, उपकेंद्रातल्या नर्सताईने रक्तदाब पाहिलेला असतो, हिमोग्लोबिन कमी म्हणून गोळ्या सुरू झालेल्या असतात. डोहाळजेवण होतं आणि पोर माहेरी जाते. तिथे आशाताई दुसरी, आरोग्य केंद्र दुसरं, डॉक्टरही दुसरे. दवाखान्यात बाळंतपण झालं, तर आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन आई-बाळाला पाहायचं असतं. सव्वा महिन्यानंतर ती सासरी परतली, तर शेवटची भेट पुन्हा पहिल्या आशाताईच्या वाट्याला येते.

रुग्णाची ओळख एकच कशी ठेवायची, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज प्रश्न असा, की या रुग्णाचं कोण कोण आहे, आणि ते संगणकाला सांगायचं कसं?

सोपी रचना म्हणजे रुग्णाच्या नोंदीतच ‘आशा’ आणि ‘डॉक्टर’ असे दोन रकाने. ती माहेरी गेली की रकान्यात नवं नाव येतं, जुनं पुसलं जातं. गोळ्या कधीपासून चालू आहेत हे विचारायला फोन कुणाला करायचा, ते माहेरच्या डॉक्टरांना कळत नाही. सासरच्या आशाताईच्या यादीतून तर ती नाहीशीच होते. ४२ व्या दिवशी तिच्या दारात जायचं आहे, हे सांगणारं कोणी उरत नाही. यात नोंद भरणाऱ्याची चूक नाही. नात्याला त्या रचनेत जागाच नव्हती.

नातं ही स्वतंत्र नोंद मानली, की हे सुटतं. ओपनएमआरएस या खुल्या प्रणालीचं काम २००४ मध्ये सुरू झालं आणि केनियातल्या एल्डोरेटमध्ये ती २००६ पासून वापरात आली. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात आधी वापरली गेलेली बाह्मनी ही प्रणालीही तिच्यावरच उभी आहे. ओपनएमआरएसमध्ये नात्यांचा वेगळा तक्ता असतो : एक व्यक्ती, दुसरी व्यक्ती, नात्याचा प्रकार, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख. प्रकाराला दोन नावं असतात, इकडून डॉक्टर तर तिकडून रुग्ण. नातं संपलं की ओळ पुसायची नाही, शेवटची तारीख घालायची. माहेरच्या आशाताईसाठी नवी ओळ येते, सासरची जागेवर राहते.

याच तक्त्यात नातेवाईकही बसतात. तयार मिळणाऱ्या प्रकारांत आत्या, मावशी, काकू, मामी यांना मिळून इंग्रजीतला एकच शब्द आहे. स्तनाचा कर्करोग घराण्यात आहे का, हे पाहणाऱ्या डॉक्टरला आत्या आणि मावशी या वेगळ्या बाजू लागतात. काकू आणि मामी तर सहसा रक्ताच्या नसतातच. मराठीने हा भेद फार पूर्वी करून ठेवला आहे. प्रणालीत नवे प्रकार घालता येतात, तेव्हा ते घालावेत.

इथे एक गल्लत हमखास होते. रात्रपाळीला ज्या डॉक्टरांनी टाके घातले, ते ‘तिचे डॉक्टर’ नव्हेत. त्यांचा संबंध त्या भेटीपुरता. आरोग्यनोंदींच्या देवाणघेवाणीसाठीच्या फायर या मानकात तो संबंध भेटीच्या नोंदीत जातो, नेहमीचे डॉक्टर रुग्णाच्या नोंदीत राहतात, आणि बरेच जण मिळून सांभाळत असतील तर त्यांच्या चमूची वेगळी नोंद होते. नेहमीच्या डॉक्टरांच्या जागी एखाद्या संस्थेचंही नाव लावता येतं. आपल्याकडे ते फार उपयोगी आहे, कारण वैद्यकीय अधिकारी बदलून जातात, आरोग्य केंद्र तिथेच राहतं. डॉक्टर ही व्यक्ती आणि तिचं एखाद्या ठिकाणचं काम, या दोन नोंदीही फायरमध्ये वेगळ्या आहेत. सकाळी ट्रस्टच्या रुग्णालयात आणि संध्याकाळी स्वतःच्या दवाखान्यात बसणारे डॉक्टर म्हणजे व्यक्ती एक, भूमिका दोन.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेलं आयुष्मान भारत डिजिटल मिशन फायरवरच चालतं. भारतासाठीचे फायरचे नमुने पुण्याच्या सी-डॅकमधल्या केंद्रात तयार होतात. रुग्णाला १४ अंकी आभा क्रमांक, आरोग्यसेवकांची एक नोंदवही, रुग्णालयांची दुसरी. टोकं पक्की झाली आहेत, मधला धागा मात्र प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याने स्वतः ओवायचा आहे. तारखांचे दोन रकाने पहिल्याच दिवशी ठेवा, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. नंतर ते घालता येतात, पण पुसली गेलेली नावं परत येत नाहीत.

नातं आहे म्हणून नोंदी पाहायचा हक्कही आहे, असं मात्र धरू नये. माहेरच्या आशाताईने लिहिलेलं तिच्याच नावावर राहील, पण पोर सासरी गेल्यावरच्या नव्या नोंदी तिला दिसाव्यात का, हे त्या पोरीने ठरवायचं. ती संमती कशी नोंदवतात आणि तिची मुदत कशी संपते, ते पुढच्या आठवड्यात.