घरच्या ध्वनिमुद्रणासाठी संगणक

स्वतःचे गाणे घरीच मुद्रित करावे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. पण संगणक घ्यायचा म्हणजे घरचा कष्टाचा पैसा खर्ची पडणार. तेव्हा आधी त्याचे काम समजून घ्यावे.

सीडीच्या दर्जासाठी संगणक आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० मोजमापे घेतो व ती गटागटाने हाताळतो. गट २५६ मोजमापांचा असेल, तर त्यापायी होणारा उशीर सुमारे ६ मिलिसेकंदांचा; तो सहसा जाणवत नाही. गट २,०४८ चा केला की उशीर ४६ मिलिसेकंदांवर जातो आणि कानाला हेडफोन लावून गाणाऱ्याचा ताल चुकतो. गट लहान ठेवायचा, तर प्रोसेसर वेगवान हवा. म्हणून पहिला पैसा त्यावर खर्चावा. मग १६ जीबी रॅम आणि एसएसडी. महागड्या ग्राफिक्स कार्डाचा गाण्याला फारसा उपयोग नाही. ते पैसे माइक व ऑडिओ इंटरफेससाठी राखावेत.

मात्र आजीच्या जात्यावरच्या ओव्या टिपायच्या असतील, तर हा उशिराचा प्रश्नच उद्भवत नाही. एकच आवाज, तोही साथीविना! त्याला जुना, पंख्याची घरघर नसलेला संगणक आणि विनामूल्य मिळणारी ऑडॅसिटी पुरते. नव्या संगणकासाठी थांबता येईल. आजीचे वय थांबत नाही.

— द्वितीय वर्ष, कला शाखा