चरबी काढली, पण साखर तशीच!

"पोटावरची चरबी नळीने ओढून काढतात म्हणे. मग माझी साखरही उतरेल ना?" आमच्या शेजारच्या मावशींनी परवा आम्हाला विचारले. त्यांना मधुमेह आहे, दोन वेळच्या गोळ्या चालू आहेत. शस्त्रक्रियेसाठी पतपेढीचे कर्ज काढायचीही त्यांची तयारी होती. प्रश्न काही भाबडा नव्हता. लठ्ठपणाने मधुमेह बळावतो असे डॉक्टरच सांगतात. मग चरबीच नाहीशी केली तर दुखणे जावे, असे कोणालाही वाटेल.

अमेरिकेत सेंट लुईस शहरी वॉशिंग्टन विद्यापीठ आहे (राजधानीचे वॉशिंग्टन वेगळे). तेथील डॉ. सॅम्युएल क्लाइन व सहकाऱ्यांनी हेच तपासले. १५ लठ्ठ स्त्रिया, त्यांतील ७ मधुमेही. प्रत्येकीच्या पोटावरून सरासरी नऊ-दहा किलो चरबी काढली. दहा-बारा आठवड्यांनी पाहतात तो रक्तातली साखर तीच, रक्तदाब तोच, रक्तातली चरबीही तीच! इन्सुलिनला शरीर पूर्वी जेवढी दाद देत होते तेवढीच आताही देत होते. २००४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हे छापून आले. त्यातल्या ७ जणींना दीड ते चार वर्षांनी पुन्हा तपासले, तरी सुधारणा नाही. एवढेच वजन खाणे आवरून उतरले असते, तर साखरेत फरक पडायला हवा होता.

असे का व्हावे? चरबीच्या पेशी म्हणजे घरातल्या कणग्या समजा. खाणे आवरले, अंग हलवले की सगळ्याच कणग्या थोड्या थोड्या रित्या होतात. यकृतात आणि स्नायूंत नको तिथे साठलेला मालही उचलला जातो. शस्त्रक्रियेत मात्र कातडीखालच्या काही कणग्या बाहेर नेल्या जातात, उरलेल्या तशाच ठासून भरलेल्या राहतात. शिवाय आतड्यांभोवतीच्या चरबीपर्यंत ही नळी पोहोचतच नाही, आणि खरी खोडी तिचीच अधिक.

ब्राझीलमधील साओ पावलोचा अनुभव तर डोळे उघडणारा आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातल्या ३६ स्त्रिया लठ्ठही नव्हत्या. पोटावरची थोडी चरबी काढल्यावर निम्म्या जणींना चार महिने व्यायाम दिला. ज्यांनी व्यायाम केला नाही त्यांची पोटाच्या आतली चरबी सुमारे दहा टक्क्यांनी वाढली. करणाऱ्यांची वाढली नाही.

आतल्या चरबीचे प्रकरण आपल्या लोकांना जास्त लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे, पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! हातपाय काटक्या नि पोट पुढे, अशी माणसे आपल्या प्रत्येक घरात सापडतील.

जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया निराळी. तिने खाणे व वजन उतरते आणि पुष्कळांची साखरही सुधारते. ती कोणाला करावी हे डॉक्टरांनी ठरवायचे. जाहिरातीत मात्र दोन्हींची गल्लत केलेली असते, ही लबाडी आम्हाला अजिबात पसंत नाही.

मावशींनी हे सारे ऐकून घेतले. गोळ्या चालूच ठेवल्या आहेत, संध्याकाळी सुनेबरोबर मैदानाला चार फेऱ्या मारू लागल्या आहेत. कर्जाचा अर्ज मात्र फाडलेला नाही. त्या पैशात पावसाळ्याआधी घरावरचे पत्रे बदलायचे म्हणतात.