निम्न वारंवारतेच्या रेडिओ संकेतांची ओळख

निम्न वारंवारतेच्या रेडिओ संकेतांची ओळख ही हौशी रेडिओची एक शाखा आहे. साधारणपणे ३ ते ३०० किलोहर्ट्झ या पट्ट्यात ऐकू येणारे किंवा आलेखावर दिसणारे अनोळखी संकेत कोठून आणि कशामुळे येतात, याचा शोध या शाखेत घेतला जातो. मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर या भागात या विषयाला वेगळे महत्त्व आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जमिनीतील आवाज किंवा अनोळखी संकेत यांचा संबंध पुढील भूकंपाशी लावला जाण्याची शक्यता येथे अधिक असते. त्यामुळे संकेताचा खरा स्रोत ठरवणे हे केवळ छंदापुरते मर्यादित राहत नाही.

पट्टा आणि गुणधर्म

३ ते ३० किलोहर्ट्झ या पट्ट्यास अतिनिम्न वारंवारता आणि ३० ते ३०० किलोहर्ट्झ या पट्ट्यास निम्न वारंवारता म्हणतात. अतिनिम्न पट्ट्यातील तरंगांची लांबी १० ते १०० किलोमीटर असते. हे तरंग जमीन आणि आयनांबर यांच्यामधील पोकळीतून हजारो किलोमीटर प्रवास करतात आणि समुद्राच्या पाण्यात काही मीटर खोल शिरतात. पाणबुड्यांना संदेश पाठवण्यासाठी हा पट्टा त्यामुळेच वापरला जातो.

अतिनिम्न पट्ट्याचा खालचा भाग आणि मानवी श्रवणकक्षा (सुमारे २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ) आकड्यांत सारखे असले तरी दोन्ही भिन्न आहेत. ध्वनी हे हवेतील किंवा जमिनीतील कंपन असते, तर रेडिओ संकेत हे विद्युतचुंबकीय तरंग असतात. ते अँटेना आणि प्रवर्धकाशिवाय कानाला ऐकू येत नाहीत.

संकेतांचे प्रकार

नैसर्गिक संकेत: प्रत्येक विजेच्या कडकडाटातून रेडिओ तरंगांचा एक झटका निघतो आणि तो ग्राहकात 'तड्‌तड्' असा ऐकू येतो. रात्री हा झटका दूरवरून येताना १.७ किलोहर्ट्झच्या आसपास ओढला जातो आणि पक्ष्याच्या टिवटिवीसारखा भासतो. त्याला ट्वीक म्हणतात. विजेची ऊर्जा पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांवरून प्रवास करून आली, तर उतरत्या शिट्टीसारखा आवाज मिळतो. या शिट्ट्यांची नोंद जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश बार्कहाउझेन यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्यांचे स्पष्टीकरण एल. आर. ओ. स्टोरी यांनी १९५३ मध्ये दिले. मराठवाडा चुंबकीय विषुववृत्तापासून फार दूर नसल्याने अशा शिट्ट्या येथे क्वचितच अपेक्षित असतात. ट्वीक मात्र वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत सहज मिळतात.

दूरची प्रक्षेपण केंद्रे: भारतीय नौदलाचे आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र तमिळनाडूतील तिरुनेलवेली जिल्ह्यात विजयनारायणम येथे आहे. ते १९९० मध्ये सुरू झाले. त्याचा संकेत १८.२ किलोहर्ट्झवर मिळतो. हे केंद्र नांदेडपासून सुमारे १,२०० किलोमीटरवर, जवळजवळ थेट दक्षिणेस आहे. ऑस्ट्रेलियातील एक्समाउथ येथील केंद्र १९.८ किलोहर्ट्झवर प्रक्षेपण करते आणि ते नांदेडच्या आग्नेयेस सुमारे ६,००० किलोमीटरवर आहे. रशियाच्या अल्फा या दिशादर्शन यंत्रणेच्या ११.९, १२.६ आणि १४.९ किलोहर्ट्झच्या आसपासच्या तुटक स्पंदांचा क्रम दर ३.६ सेकंदांनी पुन्हा येतो. तेलंगणातील विकाराबाद जिल्ह्यात नौदलाच्या दुसऱ्या अतिनिम्न वारंवारता केंद्राची पायाभरणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. हे ठिकाण लातूर आणि नांदेडपासून सुमारे २०० किलोमीटरवर असल्याने ते कार्यान्वित झाल्यावर मराठवाड्यात या पट्ट्यातील तो सर्वांत बलवान संकेतांपैकी एक ठरेल.

स्थानिक व्यत्यय: अनोळखी वाटणारे बहुतांश संकेत घरातून किंवा परिसरातूनच येतात. वीजवाहिन्यांमुळे ५० हर्ट्झच्या पटीत समान अंतरावरील रेषा आलेखावर दिसतात. एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, सौर इन्व्हर्टर आणि मोटारींचे वेगनियंत्रक यांचे संकेत दहा किलोहर्ट्झपासून पुढे आढळतात. भार किंवा तापमान बदलले की त्यांची वारंवारता हळूहळू सरकते.

ओळख पटवण्याची पद्धत

यासाठी लागणारी साधने साधी असतात. तारेचे वेटोळे हा अँटेना, एक प्रवर्धक आणि संगणकाचे साउंड कार्ड एवढ्यावर काम सुरू होते. ४८ किलोहर्ट्झ नमुना दराचे साउंड कार्ड २४ किलोहर्ट्झपर्यंतचे संकेत टिपू शकते. संकेताचा काळानुसार आलेख, म्हणजे स्पेक्ट्रोग्राम, पाहून पुढील क्रमाने तपास केला जातो.

१. वीज बंद करणे: घराचा मुख्य स्विच बंद करून ग्राहक बॅटरीवर चालवला जातो. संकेत नाहीसा झाला, तर स्रोत घरातच असतो. भारनियमनाच्या वेळी नाहीसा झाला, तर तो त्याच वीजवाहिनीवरील असण्याची शक्यता असते.

२. दिशा पाहणे: वेटोळे फिरवताना संकेत ज्या स्थितीत सर्वांत क्षीण होतो, त्यावरून स्रोताची रेषा कळते. विजयनारायणम केंद्राचा संकेत वेटोळ्याची पातळी पूर्व-पश्चिम ठेवल्यास जवळजवळ नाहीसा होतो. रेषेच्या दोन टोकांपैकी स्रोत कोणत्या बाजूस आहे, हे मात्र या पद्धतीने कळत नाही.

३. काळ पाहणे: दूरच्या केंद्राची तीव्रता सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळी ठळकपणे बदलते. दिवसा सौरज्वालेमुळेही ती अचानक बदलू शकते. स्थानिक यंत्राच्या संकेतात असा बदल दिसत नाही.

४. दुसऱ्या ठिकाणाशी तुलना: नांदेड आणि लातूर यांच्यात सरळ रेषेत सुमारे ११५ किलोमीटर अंतर आहे. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी तोच संकेत मिळाला, तर तो दूरचा किंवा मोठ्या क्षेत्रावरील असतो. एकाच ठिकाणी मिळाला, तर स्थानिक स्रोताची शक्यता वाढते.

लष्करी केंद्रांचे संदेश गूढलिपीत असतात. हौशी निरीक्षक त्यांचा मजकूर उलगडत नाहीत. वारंवारता, दिशा आणि वेळ यांवरून केंद्र ओळखले की तपास पूर्ण होतो.

भूकंप आणि रेडिओ संकेत

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात सुमारे १०,००० लोक मृत्युमुखी पडले. या आपत्तीत हौशी रेडिओ चालकांनी संपर्काच्या कामात मदत केली. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी परिसरात जमिनीतून आवाज ऐकू आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये लातूर शहरातही तसे आवाज आले, परंतु त्या वेळी भूकंपमापन केंद्रांवर भूकंपाची नोंद झाली नाही. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यातील ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेडमध्येही जाणवला.

भूकंपापूर्वी विद्युतचुंबकीय संकेत निर्माण होतात का, याचा अभ्यास अनेक देशांत झाला आहे. त्यातील प्रसिद्ध उदाहरण कॅलिफोर्नियातील १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपाचे आहे. त्याआधी एका चुंबकमापकाने ०.०१ हर्ट्झच्या आसपास असामान्य वाढ नोंदवली होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत ही वाढ उपकरणातील बिघाडामुळे झाली असावी, असे मत मांडले गेले. रेडिओ संकेतांवरून भूकंपाचे विश्वासार्ह भाकीत करण्याची पद्धत उपलब्ध नाही. म्हणून चार्जरचा किंवा दूरच्या केंद्राचा संकेत भूकंपाची पूर्वसूचना म्हणून पसरवल्यास लोकांमध्ये अकारण भीती निर्माण होते. भूकंपाविषयीची अधिकृत माहिती राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडून मिळते.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

मानवनिर्मित व्यत्ययाचा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे. मुंबईतील कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे होत असत. शहरातील ट्राम विजेवर चालवण्याचे ठरल्यावर नोंदी बिघडू नयेत म्हणून १९०४ मध्ये अलिबाग येथे चुंबकीय वेधशाळा सुरू करण्यात आली. या वेधशाळांचा वारसा आज पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

परवाना

हौशी रेडिओवरून प्रक्षेपण करण्यासाठी केंद्रीय दूरसंचार विभागाची परीक्षा आणि परवाना आवश्यक आहे. जागतिक रेडिओ परिषदांनी हौशी सेवेसाठी २००७ मध्ये १३५.७–१३७.८ किलोहर्ट्झ आणि २०१२ मध्ये ४७२–४७९ किलोहर्ट्झ हे पट्टे दुय्यम तत्त्वावर दिले. देशातील वापर राष्ट्रीय वारंवारता वाटप योजनेनुसार ठरतो.

हे सुद्धा पहा

हौशी रेडिओ
आयनांबर
१९९३ चा लातूर भूकंप
भारतीय भूचुंबकत्व संस्था