अस्थिपंजरांची स्वस्त फौज

मेजावर मांडून खेळावयाच्या अद्भुत युद्धखेळांसाठी गेल्या पन्नास वर्षांत ज्या नानाविध सेना निर्माण झाल्या, त्यांत मृतांची सेना ही बेताच्या ऐपतीच्या माणसाची सेना आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत गुणाचीही आहे. थडग्यातून उठलेले सांगाडे, कुजत्या देहाने चालणारे झॉम्बी, प्रेतांवर जगणारे घूल आणि या सर्वांना मंत्रबळाने हुकमात ठेवणारा एखादा मांत्रिक, असा हिचा सरंजाम असतो. सुमारे २८ मिलिमीटर मापाच्या या प्रतिमा प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून स्वहस्ते जोडावयाच्या, रंगवावयाच्या आणि मग रणांगणी उभ्या करावयाच्या, असा हा छंद आहे. केवळ स्वस्तातला म्हणून या शाखेकडे पाहण्याची जी रीत पडली आहे, ती अन्यायाची आहे. कारण येथे पैशाची काटकसर आणि कल्पनेची गरज यांचा जसा मेळ बसतो, तसा अन्य कोणत्याही सेनेत बसत नाही.

स्वस्त प्लॅस्टिकचा या खेळांशी असलेला संबंध आजकालचा नव्हे. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईला नियमांची चौकट दिली, तेव्हा ते सैनिक धातूचे होते. परंतु १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला, त्यातील काही सुप्रसिद्ध राक्षसांचा उगम मात्र हाँगकाँगहून आलेल्या, क्षुल्लक किमतीच्या, पिशवीत भरून विकल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या प्राण्यांत आहे. कोणत्याच ज्ञात जनावराशी न जुळणाऱ्या त्या ओबडधोबड खेळण्यांना गायगॅक्स यांनी नावे दिली, स्वभाव दिले आणि आपल्या ग्रंथांत दाखल करून घेतले. लोखंड गंजवून खाणारा 'रस्ट मॉन्स्टर' आणि घुबड व अस्वल यांचा संकर असलेला 'आउलबेअर' ही त्यांचीच संतती.

सांगाड्याला योद्ध्याचे रूप मिळवून देण्याचे श्रेय मी चित्रपटात बाहुल्यांना चालते करणाऱ्या रे हॅरीहाउसेन यांस देतो. १९६३ च्या 'जेसन अँड द अर्गोनॉट्स' या चित्रपटात ढाल-तलवार घेतलेले सात सांगाडे जमिनीतून वर येतात आणि तीन जिवंत वीरांशी झुंजतात. बाहुल्या कणाकणाने हलवून चित्रित केलेल्या या काही मिनिटांच्या प्रसंगाला चार महिन्यांहून अधिक काळ लागला होता. आज कोणत्याही कंपनीची पेटी उघडली, तरी तोच पवित्रा, तीच गोल ढाल आणि तीच कवटीतली मख्ख क्रूरता दिसते.

या प्रतिमांचे माहेरघर म्हणजे इंग्लंडातील नॉटिंगहॅम. १९७५ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचा मुक्काम पुढे याच शहरी पडला. १९८३ मध्ये तिच्या 'वॉरहॅमर' या खेळाने फौजाच्या फौजा मांडण्याची गोडी लावली आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात तिच्या सिटाडेल शाखेने प्लॅस्टिकच्या सांगाड्यांची पेटी बाजारात आणली. त्यापूर्वी प्रतिमा ओतीव धातूच्या असत. धातूच्या कामात रबराचा साचा स्वस्त पडतो, पण दर नगामागे धातूचा आणि मजुरीचा खर्च येतच राहतो. प्लॅस्टिकच्या कामात हिशेब नेमका उलटा आहे. पोलादाचा साचा कोरण्यास प्रचंड भांडवल लागते. एकदा तो सिद्ध झाला, की वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने आत सोडून निघणाऱ्या, सुटे भाग धरून असलेल्या प्रत्येक चौकटीचा खर्च मात्र नगण्य असतो. म्हणून कारखानदाराने पोलादात पैसा गुंतवावा तो अशाच प्रतिमेसाठी, जी प्रत्येक खेळाडूला एक-दोन नव्हे, तर पन्नास लागेल. राजा एकच पुरतो. सांगाडे कितीही अपुरेच. शिवाय मृतांच्या रांगेत चेहऱ्यांचे साम्य हा दोष ठरत नाही, उलट तीच त्या दृश्यातील भीती आहे.

आजच्या बाजारात निवडीस वाव मुबलक आहे. रॉनी रेंटन यांनी २००८ मध्ये स्थापन केलेल्या मँटिक या कंपनीने प्रथमपासूनच मोठी सेना माफक दरात देण्याचे धोरण ठेवले. तिच्या 'किंग्ज ऑफ वॉर' या खेळात पलटणीतला मेलेला एकेक शिपाई मोजून उचलीत नाहीत; संपूर्ण पलटण हेच एक एकक असल्याने सर्व प्रतिमा एकाच पाटावर कायमच्या चिकटविता येतात आणि मध्ये एखादे मोडके थडगे किंवा वठलेले झाड योजून प्रतिमांची संख्या बेताने कमी करता येते. तिचे झॉम्बी मला फार आवडतात. त्यांच्या वाकड्या माना आणि लोंबते हात यांत खरीखुरी अवकळा आहे. ज्याला इतकी खोगीरभरती नको, त्याने जोसेफ मॅक्कुलो यांचा २०१५ चा 'फ्रॉस्टग्रेव्ह' पाहावा. त्यात एक जादूगार, त्याचा शिष्य आणि जास्तीत जास्त आठ शिपाई एवढ्याच शिबंदीवर मोहीम चालते, मृत मंडळी वाटेत शत्रू म्हणून भेटतात आणि अमक्याच कंपनीच्या प्रतिमा हव्यात असा दंडकही नाही. त्याच लेखकाच्या 'ओथमार्क' या खेळासाठी निघालेल्या सांगाड्यांच्या पेटीत ३० नग येतात, तर वॉरगेम्स अटलांटिक या कंपनीच्या पेटीत ३२. अमेरिकेतील रीपर कंपनीच्या 'बोन्स' मालिकेतील प्रतिमा बहुतेक अखंडच मिळतात. त्या सोयीच्या आहेत खऱ्या, पण जोडणीचा आनंद त्यांत नाही आणि मऊ प्लॅस्टिकमुळे त्यांचे भाले वाकतात. वाकलेला भाला कढत पाण्यात धरून सरळ करावा आणि लगेच थंड पाण्यात बुडवावा, म्हणजे तो तसाच राहतो.

आता जोडणीविषयी. पोलादी साच्याचे दोन अर्धभाग एकमेकांपासून सरळ रेषेत सुटावे लागतात, त्यामुळे आत वळलेला कोणताही आकार एका तुकड्यात येऊ शकत नाही. म्हणूनच कवटी निराळी, धड निराळे, हात निराळे. चौकटीपासून भाग तोडताना निप्परची (छोट्या कातर-पकडीची) सपाट बाजू भागाकडे ठेवावी आणि पहिला छेद थोडा दूर घेऊन उरलेला खुंट नंतर पात्याने तासावा. सांगाड्याची नडगी इतकी बारीक असते, की घाईच्या एका दाबाने ती मधोमध दुभंगते. जेथे साच्याचे दोन भाग मिळाले, तेथे अंगभर एक सूक्ष्म रेघ उरते. पात्याची पाठ तिच्यावरून हलकेच ओढली, की ती निघून जाते. कवटीच्या माथ्यावरची रेघ तर कदापि राहू देऊ नये, कारण रंग चढल्यावर प्रथम तीच डोळ्यांत भरते. पॉलिस्टायरीनला लावावयाचे प्लॅस्टिक सिमेंट हे वास्तविक चिकटविण्याचे द्रव्य नव्हेच. ते दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवून त्यांना एकजीव करते. म्हणून थेंब लहान घ्यावा, सांधा काही क्षण धरून ठेवावा आणि खिडकी उघडी असावी. 'बोन्स'च्या मऊ प्लॅस्टिकवर हे सिमेंट निरुपयोगी. तेथे सुपरग्लूच हवा.

या कामात मृतसेनेइतकी क्षमाशील सेना दुसरी नाही. मनगट तुटले, तर तो जुन्या लढाईचा घाव समजावा; पाय हरवला, तर ते धड कमरेपर्यंत मातीत रोवावे, म्हणजे थडग्यातून नुकता वर येणारा वीर तयार होतो. उरलेल्या कवट्या आणि बरगड्या पाटावर विखुराव्या. एका कंपनीच्या झॉम्बीला दुसरीच्या सांगाड्याचा हात जोडला, तरी कोणाची हरकत नसते. रंगकामही तसेच अल्पखर्चाचे आहे. हाडाच्या रंगाचा प्रायमर फवारावा, त्यावर पातळ तपकिरी वॉश सोडावा, म्हणजे तो बरगड्यांच्या खाचांत आणि डोळ्यांच्या खोबणीत आपोआप उतरतो. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका रंग उंचवट्यांवरून फिरवावा. एवढ्या तीन क्रियांत सांगाडा सिद्ध होतो.

आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना लहान सैन्य मांडण्याचे सुख समजावून सांगावयास नको. ते मावळे बाजारातून तयार येतात; येथे मात्र शिपायाच्या हातात तलवार द्यावयाची की भाला, त्याची मान कोणीकडे वळवावयाची, हा अखत्यार सर्वस्वी जोडणाऱ्याचा असतो, आणि या छंदाची खरी प्रतिष्ठा मी त्या अखत्यारातच मानतो. परदेशाहून मागविलेल्या पेटीवर टपालखर्च आणि जकात चढून स्वस्ताईचा बराचसा लाभ नाहीसा होतो, म्हणून दोघातिघा मित्रांनी मिळून एकच पेटी घ्यावी आणि चौकटी वाटून घ्याव्या. पहिली पेटी सांगाड्यांचीच असावी, झॉम्बींची नव्हे, आणि वाट्याला आलेल्यांपैकी पाच शिपाई जोडून व रंगवून पुरे झाल्याखेरीज दुसऱ्या पेटीसाठी पैसे मोडू नयेत.